काठावरचं नाव

३ मार्च, सकाळी ७
ठरलं. रविवारपर्यंत अकराही लष्करी पदकं काचेच्या पेटीत, हॉलच्या भिंतीवर. फ्रेमवाला म्हणाला, गोंद लावू नका, फीत मागच्या कापडाला दोऱ्यानं टाचा, ऊन लागू देऊ नका, पॉलिश तर अजिबात नको. माणूस चांगला, पण भित्रा. मीच करणार.

४ मार्च
ही म्हणाली, तुम्ही कधी सैन्यात नव्हता, पाहुण्यांना काय सांगणार? म्हटलं, संग्राहक. मागे व्याही सलाम ठोकून गेले, तो त्यांचा गैरसमज. मी फक्त ताठ उभा होतो.

५ मार्च
पदकं काळवंडलेली. बारीक पॉलिशपेपर, मग ड्रिलला बफ, म्हणजे घासून चमकवायची कापडी चकती. आरसा झाला! सुईत दोरा ओवायला पाऊण तास. सुया हल्ली नीट बनवत नाहीत. शेवटी झटपट गोंद. अकरा पदकं, चार मिनिटं. लष्करी शिस्त.

७ मार्च, दुपारी २
एका बाईंचा फोन. जुन्या वस्तूंच्या दुकानदारानं नंबर दिला म्हणे. घर आवरताना वडिलांचं पदक चुकून भंगारात गेलं. हिरवी-पांढरी फीत. काठावर नंबर आणि नाव कोरलेलं आहे, तेवढं बघाल का? आई रोज विचारते. म्हटलं, बघतो.
तशा फितीचं एकच आहे. मधोमध.

दुपारी ३.३०
निघत नाही. सुरी सरकवली. फीत फाटली. अर्धीच.

४.२०
निघालं. भिंग लावलं. काठ गुळगुळीत. शेवटी एक सात दिसतो, बाकी काही नाही. बफ चांगल्या प्रतीचा होता, हे मान्य करावं लागेल.

८ मार्च
फोन तीनदा वाजला. बोटांना गोंद असल्यामुळे उचलता आला नाही. काठावर नाव नाही, एवढंच सांगायचं. ते खरंच आहे. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. हिला सांगितलं. ही म्हणाली, खरं आहे, की खरं करून ठेवलंय? मी बोटांवरचा गोंद खरवडत राहिलो.

९ मार्च
चौथा फोन हिनं उचलला. उद्या सकाळी अकराला दोघी येणार, बाई आणि त्यांची आई. मी दोन वाक्यं पाठ केली आहेत. जेवण गेलं नाही. हवा दमट आहे.

१० मार्च, दुपारी १२.४०
आल्या. जिना चढून आजींना धाप लागली होती. मी पहिलं वाक्य म्हटलं : काठावर नाव आढळत नाही. मुलगी म्हणाली, मग आपलं नसेल, आई. आणि उठली. आजींनी हातात घेतलेलं पदक सोडलं नाही. म्हणाल्या, "किती लख्ख ठेवलंय हो. आमच्याकडे काळं पडलं होतं. आमचं नसलं तरी ज्याचं कुणाचं असेल, त्याचं नशीब."
दुसरं वाक्य आठवेना. तोंडातून निघालं, नाव होतं बहुतेक. मी घासलं.
आजींनी विचारलं, सगळंच गेलं? म्हटलं, एक सात आहे. यजमानांच्या नंबरात सात होता का, ते त्यांना आठवेना. खूप आठवून पाहिलं. मग पदक रुमालात बांधलं आणि निघाल्या. मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही.
ही त्यांना सोडायला खाली गेली, त्याला आता तास होईल. गाडी मिळत नसेल.