इद्रीसचा जन्मदाखला

९ जानेवारी
जर्मनीच्या हॉस्पिटलचं पत्र आलं. १५ एप्रिलला नर्स म्हणून रुजू व्हायचं. इद्रीसनं पत्र दोनदा वाचलं आणि चहा टाकायला उठला. लग्नाला चार वर्षं झाली, तेवढीच वर्षं तो घरात बसून आहे. सुदानचा माणूस, बायको भारतीय म्हणून इथं राहता येतं, पण नोकरीची परवानगी नाही. एम.एस्सी. इथंच कोल्हापुरात केलं. मराठी माझ्यापेक्षा रांगडी बोलतो.

१७ जाने.
पुण्याच्या व्हिसा सल्लागार बाईंशी बोलणं झालं. दोघांचे अर्ज एकत्र टाका म्हणाल्या. पण त्याचा मूळ जन्मदाखला हवा, त्यावर सुदान सरकारचा शिक्का हवा. दाखला सुदानात, ओमदुरमान शहरातल्या त्यांच्या घरात. ते घर युद्धात कुलूप लावून सोडलंय. नाही मिळाला तर? तर तुम्ही आधी जा, ते नंतर येतील. नंतर म्हणजे कधी, ते सांगेनात.

२ फेब्रुवारी
सासूबाई आणि धाकटा दीर यासिर सध्या सुदानातल्याच कसला नावाच्या गावी असतात. यासिरनं ओमदुरमानला जाऊन दाखला आणायचा, तसाच पुढं पोर्ट सुदानच्या सरकारी कचेरीत शिक्क्यासाठी, असं चाललेलं. सासूबाई नको म्हणत होत्या. इद्रीसही नको म्हणाला. सासूबाई तिकडं फोनजवळून उठून गेल्यावर मीच फोन हातात घेतला. मोडक्या अरबीत म्हटलं, यासिर, तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला?
तो हसून बरं म्हणाला.

११ फेब्रु.
यासिरचा फोटो आला. मांडीवर दाखला, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण नाव, तारीख स्पष्ट. इद्रीस आज कितीतरी दिवसांनी रंकाळ्यावर फिरायला चल म्हणाला.

१५ फेब्रु.
यासिरचा फोन लागत नाही. रेंज नसेल.

२१ फेब्रु.
लागत नाही. यासिर ज्या बसनं पोर्ट सुदानला निघालेला, त्याच बसमधल्या एका बाईशी सासूबाईंचं बोलणं झालं. वाटेत बंदूकवाल्यांनी बस अडवली, तरुण पुरुष तेवढे उतरवले, बस पुढं सोडली. एवढंच तिला माहीत.

१ मार्च
सलग तीन डे ड्यूटी. घरी आले की इद्रीस त्याच खुर्चीत. स्वयंपाक करून ठेवतो, स्वतः जेवत नाही. आज म्हटलं, चूक माझी. त्यानं ऐकलं आणि माझा डबा घासायला घेतला.

८ मार्च
मुरगूडहून माझे वडील, आबा, आले. लग्नानंतर पहिल्यांदाच. न कळवता. मला वाटलं भांडायला आलेत. चप्पल काढून थेट इद्रीसजवळ जाऊन बसले.
"पावणं, जेवलासा काय?"
"न्हाय."
"मग वाढ गं दोघास्नी."
दोघं जेवले. यासिरबद्दल एक शब्द नाही. जाताना आबांनी जिन्यात विचारलं, तू जाणार हाईस काय? माहीत नाही म्हटलं. खाली उतरून बराच वेळ गेटशी उभे होते.

२४ मार्च
माझा व्हिसा आला. त्याचा दाखल्याविनाच टाकलेला अर्ज कागद अपुरे म्हणून परत. सल्लागार बाईंचं म्हणणं, तुम्ही तिकडं पोचलात की पुन्हा टाकू. संध्याकाळी इद्रीसला सांगितलं.
"व्हिसा दिला आसता तरी मी गेलो नस्तो," तो म्हणाला. "यासिरला माझा ह्यो एकच नंबर पाठ हाय. जर्मनीत बंद पडला म्हंजे?"
नंबर तिकडंही चालू ठेवता येतो, हे त्याला ठाऊक आहे.

२ एप्रिल
सासूबाईंचा फोन. यासिरला जायला कोणी लावलं, असं त्यांनी आज पहिल्यांदा विचारलं. एवढी अरबी मला कळते. इद्रीस म्हणाला, मी. त्या रडत बरंच काही बोलल्या. तो ऐकत राहिला. मी दारात उभी. फोन घेऊन खरं सांगायला पाच पावलं होती. गेले नाही.

६ एप्रिल
जर्मनीच्या हॉस्पिटलचा मेल. विमान कधीचं, ते शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसरीला. ड्यूटीवरून आले तर इद्रीसनं माळ्यावरची मोठी बॅग काढून, पुसून पलंगावर उघडून ठेवलेली. म्हणाला, थंडीचे कपडे तळाला भर. मी बॅग बंद केली नाही. कपाटही उघडलं नाही. बॅगेशेजारीच बसून राहिले.