तात्पुरत्या शवपेटीबाबत

प्रति,
मा. सीमाशुल्क अधिकारी,
सेंट-लेओनी पूल नाका, न्यू ब्रन्सविक.

विषय : अनामत ठेवून घेऊन माझे वडील सोडण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र क्र. ११८, दि. २ एप्रिल १९७४. (माझा हा पाचवा अर्ज.)

महोदय,

१. गेल्या सप्टेंबरात नदीपलीकडून, अमेरिकेतल्या मेनमधून, माझे काका लेवित यांनी स्वहस्ते केलेली शवपेटी वडिलांसाठी पाठवली. आमच्या खोऱ्यात पेटी जिवंतपणीच करून ठेवतात. आपल्या नाक्यावर विचारणा झाली, "माल कायमचा की तात्पुरता?" वडील, ओनेझिम, तिथेच उभे होते. म्हणाले, "अहो, मी अजून धडधाकट आहे. तात्पुरता लिहा!" तसे लिहिले गेले, आणि माल परत जाईपर्यंत शुल्कापोटी चाळीस डॉलर अनामत घेण्यात आली. घोळ झाला तो इथेच.

२. पेटीत आम्ही बियाण्याचे बटाटे ठेवले. जानेवारीत वडील वारले. बटाटे काढले, वडिलांना ठेवले. जमीन गोठलेली असल्याने रिवाजाप्रमाणे पेटी चर्चच्या थंड कोठीत आहे. मेमध्ये माती सुटली की दफन.

३. आता आपण कळवता की, तात्पुरता माल ३० एप्रिलपूर्वी पूल ओलांडून परत गेलाच पाहिजे, तोवर तो पुरता येणार नाही. आपल्या पत्राला घाबरून फादर दफनाची तारीख देत नाहीत. शुल्क भरते, असे मी चार वेळा लिहिले. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "बाई, पेटी रिकामी करा, पलीकडे नेऊन शिक्का मारून घ्या, मग कायमची म्हणून परत आणा. त्यात काय एवढं?" तोवर वडिलांना कुठे ठेवू, हे विचारताच त्यांनी खिडकी लावली. महोदय, हेलपाटे घालून मी दमले आहे.

४. तरी आपला नियम मोडू नये म्हणून विनंती की, पेटी आहे तशी, आतल्या माणसासह, पूल ओलांडू द्यावी. काका अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. पाय गेले आहेत, भावाला शेवटचे बघायलाही त्यांना येता आले नाही. पलीकडच्या टोकाला ते खुर्ची टाकून बसतील. शिक्का मारायला लागेल तेवढा वेळ त्यांना पुरेल. अनामत आपल्याकडेच राहू द्या. परत येताना मात्र "कायमचा" लिहा.

आपली दमलेली, तरी नम्र,
ओबेलीन देग्ल
दि. ९ एप्रिल १९७४

सोबत : १) अनामतीची पावती. २) मृत्यूचा दाखला. ३) काकांनी लिहून दिलेले पेटीचे माप, म्हणजे तपासणीला ती उघडावी लागणार नाही.