हात कधी लागलाच नाही

३ मार्च, सकाळ
आमच्या सिनेमाला चाळीस वर्षं झाली. एकवीस तारखेला खास खेळ, नंतर चर्चा. विषय: ‘आपण कुणाला मारून हसतो?’ काढला कुणी, तर आमच्याच नातीनं! कॉलेजात सिनेमा शिकते. म्हणते, त्यातला साहेब, म्हणजे मी, ज्यांना बडवतो ते सगळे बुटके, काळे, तोतरे नाहीतर लंगडे. म्हटलं, अगं, उपहास आहे तो, हसायचं साहेबाला! आणि विविधता हवी ना तुम्हाला? बुटका, काळा, तोतरा, लंगडा, वर एक मोलकरीण. मी सगळ्यांना सारखंच बडवलं. भेदभाव कुठाय?
वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असणार.

५ मार्च
पटलेलं नाही. विचारते, त्यांना खरंच लागायचं का? छे! टेक्निक असतं. हात गालाजवळून न्यायचा. मार खाणारा मान झटकतो आणि टाळीही तोच वाजवतो. माझं बोट कुणाला लागलेलं नाही. नात म्हणाली, हे खरं असेल तर मी स्टेजवर तुमच्या बाजूनं बोलेन.
बोलणारच! संकल्प: बुटक्याला बोलवून प्रात्यक्षिक द्यायचं. बुटका म्हणजे सिनेमात माझ्या शिपायाचं काम केलेला नट. सतरा थपडा खाल्ल्या माझ्या. जिवलग मित्र. चाळीस वर्षांत गाठ नाही, एवढंच.

९ मार्च
लोडावर प्रॅक्टिस. लोड फाटला, घरभर कापूस. हिनं विचारलं, हात जवळून न्यायचा होता ना? सांगितलं, लोड हलला.
हात सुजला. ही न सांगता बर्फाची वाटी घेऊन आली. शूटिंगच्या दिवसांत रोज संध्याकाळी आणायची. गुणी बाई.

१२ मार्च
मेव्हण्यावर प्रॅक्टिस. त्यानं मान झटकलीच नाही. चष्म्याचे दोन तुकडे, नाकातून रक्त. टायमिंग नाही माणसाला. उलट मलाच उचलून कपाटावर आपटलं! कंबर धरली. सासरच्या घराण्यात विनोदबुद्धी नाहीच.

१५ मार्च
बुटक्याला फोन. हल्ली शिंपीकाम करतो. चारदा ‘काय? काय?’ विचारलं, मग म्हणाला, थांब, दुसऱ्या कानाला लावतो. शिष्ट झालाय. येतो म्हणाला, पण अट घातली: थप्पड उजव्या गालावर, डाव्या बाजूला हात नको. नखरे बघा! मी उजव्या हाताचा माणूस, माझ्यासमोर डावाच गाल येणार.

२१ मार्च, दुपार, मेकअप रूम
बुटक्याला डावीकडून तीन हाका मारल्या. ढुंकून बघेना. शेवटी खांदा धरून गदागदा हलवला, तर यानं दचकून दोन्ही हात तोंडावर घेतले. चारचौघांत नाटकं!

२१ मार्च, संध्याकाळ
नातीनं माइकवर सांगितलं, आजोबांचा हात कधी लागला नाही. मी हात उगारला. बुटक्यानं मान झटकली, टाळी वाजवली, सगळं वेळेवर. तरी फाडकन बसली. डाव्याच गालावर. आडवा झाला बिचारा. थिएटर हसून लोटपोट.
नात धावली. लागलं का, लागलं का, म्हणून विचारत होती. याचं लक्षच नाही. मग म्हणाला, पोरी, उजवीकडून बोल. डावा कान नवव्या थपडेला गेला. पुढच्या आठ ऐकूच आल्या नाहीत.
लोक आणखी हसले. नातीनं विचारलं, तेव्हा बोलला का नाहीत? म्हणाला, बोललो असतो तर दुसरा बुटका आणला असता. आम्हाला मार खायचंच तेवढं काम मिळायचं.
यावर कुणी हसलं नाही.

२२ मार्च
नातीनं विचारलं, आजोबा, तुम्हाला माहीत होतं? छातीठोक सांगितलं, मुळीच नाही! हात लागतोय हे कळणार कसं?
तेवढ्यात ही बर्फाची वाटी घेऊन आली. नातीनं विचारलं, हे कशाला? ही म्हणाली, अगं, शूटिंग चालू होतं तेव्हा रोज बर्फ लागायचा, हाताची आग आग व्हायची ना यांच्या.
नात वाटीकडे बघत राहिली. मग उठून गेली.
बर्फ वितळला. हात अजून चुरचुरतोय.