वेशीवरच्या दगडावरचे नाव बदलण्याबाबत

मी, नाम ग्युहान, वय त्र्याऐंशी, राहणार सोल्गोल, आन्दोंगजवळ, कोरिया. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांना दोनदा विचारून खात्री करून घेतली आहे. कोणाच्या दडपणाखाली नाही, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून शब्द चुकला तर अर्थ पाहावा.

कलम १. राहते घर आणि मागची पर्सिमनची तीन फळझाडे पत्नी ह्वांग बुन्रे हिची. तिला कोणी शहरातल्या फ्लॅटमध्ये नेऊ नये.

कलम २. भातशेती मुलगा चेयुन याला; पण कलम ३ पुरे केल्यावरच. आधी नाही. हे दोनदा वाचावे.

कलम ३. वेशीवर दगड उभा आहे. त्यावर कोरले आहे, ‘आईची अकरा वर्षे सेवा करणारा सुपुत्र नाम ग्युहान’. ते खोटे आहे. आई अंथरुणाला खिळल्यापासून तिला भरवणे, कूस बदलणे, धुणे, सगळे बुन्रेने केले. मला वास सहन होत नसे. आई हाक मारी, “ग्युहान, अरे ग्युहान!” मी ओसरीवर कन्फ्यूशियसची वचने गिरवत बसे आणि बुन्रे उठेपर्यंत खोकत राही.

सुपुत्राचा मान कोणाला द्यावा, याच्या पाहणीला कन्फ्यूशियस-मंदिराची पंचमंडळी आली, तेव्हा अंगणात पावले वाजताच मी बुन्रेच्या हातातले शौचाचे भांडे ओढून घेतले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पंचांचे प्रमुख मुन गुरुजी डोळे पुसत म्हणाले, “माणूस जन्मतः चांगला असतो, याला पुरावा मागता? हा बघा!” बुन्रे दाराआड उभी होती. ते गेल्यावर एवढेच म्हणाली, “अहो, द्या ते इकडे. सांडाल.”

दगड कोरणाऱ्या गु ब्योंगमानने तेव्हा विचारले होते, “दादा, अक्षरं खोल कोरू की वरवर? उद्या पुसायची वेळ आली तर मला त्रास नको.” मी त्याला शिव्या घातल्या आणि चाळीस वर्षे त्याच्याशी बोललो नाही. त्याला माहीत होते, याचाच राग होता.

तरी दगड फोडू नये. ‘करणारा सुपुत्र’ आणि माझे नाव घासून तिथे ‘करणारी सून ह्वांग बुन्रे’ असे कोरावे. खर्च माझ्या बचतीतून. काम ब्योंगमाननेच करावे.

कलम ४. विधीचा पोशाख आणि घोड्याच्या केसांची टोपी मंदिराला परत द्यावी. मला त्यात गुंडाळून पुरू नये. मुन गुरुजींच्या उलट दुसरे एक जुने मत आहे, की माणूस मुळात वाईट, विधींनीच तो सरळ होतो. मी तर सगळे विधी केले. पूर्वजांपुढे कोणते फळ कोणत्या बाजूला ठेवायचे, हे झोपेतून उठवून विचारा. सरळ झालो नाही. कोणते मत खरे, हे माझ्या अर्धवट शिक्षणाला कळत नाही. ते भांडे हातात असताना माझे कान तापले होते, एवढे खरे. मुन गुरुजी शिकवत, जिथे लाज वाटते तिथे चांगुलपणाचा कोंब असतो. असेलही. मी त्याला पाणी घातले नाही.

कलम ५. चेयुन, हे सगळे तुझ्या आईला वाचून दाखवले. ती हसली. “मेल्यावर उन्हापावसात उभं करताय होय मला?” मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “खोटं मात्र काही लिहिलं नाहीत.” घर तिला मिळणार, म्हणून साक्षीदार म्हणून तिची सही चालत नाही.

कंबर मोडल्यापासून ती आतल्या खोलीत पडून आहे. आता हाक मारते आहे. नर्स यायला अजून तास आहे. सही परत आल्यावर करतो.

आलो. हात धुतले आहेत, पण ओले होते. खाली कागदावर पडलेला पाण्याचा डाग खाडाखोड समजू नये.

सही व शिक्का: नाम ग्युहान
साक्षीदार: १. गु ब्योंगमान, पाथरवट (या वेळी खोल कोरीन.)
२. ओक चुनदोक, शेजारी

सोल्गोल, ९ नोव्हेंबर २०२१, सकाळ