काकू कशासाठी वाकल्या

१४ सप्टेंबर, रविवार

अविनाश शूटिंग रेंजवरून आला. गाडीत फटाके फुटून गेल्यावर राहतो तसा वास. महाराष्ट्र मंडळातले तिघेचौघे रविवारी आता तिथेच असतात. मागच्या वर्षी याच वेळेला ढोलाचा सराव असायचा. त्याचा नागपूरचा मित्र मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही पण या. सगळं टेन्शन निघून जातं यार."

पलीकडच्या गल्लीत एकांचं सोनं चोरीला गेलं तेव्हा अविनाशने पिस्तूल घेतलं. आमचं सोनं बँकेत आहे. हे मी तेव्हाच म्हटलं होतं. अ. म्हणाला, "प्रश्न सोन्याचा नाही, हक्काचा आहे." भारतात रेशनकार्डावर नाव चढवायला रांगेत उभा राहायचा. इथे अमेरिकेत ग्रीन कार्ड दाखवलं आणि पिस्तूल मिळालं. या देशात त्याला सगळ्यात सोपी मिळालेली गोष्ट.

२० सप्टेंबर, शनिवार

इंडियन स्टोअरमध्ये नीला काकू. मी नवीन आले तेव्हा शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांनी मला गाडी शिकवली. "अगं ब्रेक! ब्रेक! मला अजून सून बघायचीय." आज मला पाहून ट्रॉली थेट अंगावर आणली.

"काकांना झोप नाही. दिवसरात्र त्या डेटा सेंटरच्या पंख्यांची घरघर. अविनाशला सांग."

"तो ती बिल्डिंग चालवतो, काकू. त्याने बांधली नाही."

"चालवतो म्हणूनच आवाज येतो ना?"

मेथीची जुडी उचलली, खाली ठेवली, दुसरी घेतली. येते न म्हणताच गेल्या.

घरी सांगितलं. अ.: "डेटा सेंटरशेजारी घर घेतलं ते त्यांनी. आवाज मर्यादेत आहे. काउंटीने मोजलाय." काकूंचं घर आधीचं आहे. तो जेवत होता. मी आमटी वाढली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काकू आणि त्यांच्या वसाहतीतले लोक कंपनीच्या गेटात जाऊन बसले. गार्डनी उठवलं. खाजगी जागा. मग पाट्या घेऊन फुटपाथवर उभे. अ. खुशीत: "आता कळलं ना हद्द कुठे असते."

"आता घरी येतील," मी म्हटलं.

"येऊ देत."

ज्या सुरात म्हणाला तो आवडला नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

दरवर्षीप्रमाणे देवापुढे पाट मांडला. त्याचा लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हरचा सेट, माझी कात्री, गाड्यांच्या किल्ल्या. यंदा पिस्तूल. त्याने स्वतः आणून ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू. रेवा कॉलेजातून व्हिडिओवर होती.

"बाबा, इज दॅट लोडेड?"

"शस्त्र आहे, बेटा. शस्त्राची पूजा असते."

"दॅट्स नॉट वॉट आय आस्क्ड."

तो आरती शोधत राहिला. मी फोन देवाकडे वळवला. मांडलेली पूजा दसरा होईपर्यंत हलवत नाहीत, म्हणून पिस्तूल लॉकरमध्ये गेलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पोलिस त्याला घेऊन गेले. आज लिहिता येत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जामिनावर सुटून आला. झोपलाय. जसं झालं तसं लिहून ठेवते. उद्यापासून जो तो आपापलं सांगेल.

काल संध्याकाळी काकूंच्या वसाहतीतले लोक आले. ऊन होतं अजून. आधी रस्त्यावर, मग ड्राइव्हवेवर. एक जण माझ्या शेवंतीत उभा. त्यांच्याकडे मोठा स्पीकर. त्यावर डेटा सेंटरची रेकॉर्ड केलेली घरघर, पूर्ण आवाजात. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, "गो बॅक!" काकू सगळ्यात पुढे होत्या. इथे तीस वर्षं काढलेली बाई. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. हे मी विसरणार नाही.

अ. वरून: "दार उघडू नको!"

बेल वाजली. मी उघडलं. दारात काकू, घोषणेचा पुठ्ठा काखेत, चेहरा लाल. सणाचा दिवस, दारात वयाने मोठी बाई. तोंडातून गेलं, "या. आत या, काकू." मनात नव्हतं. पण म्हटलं.

त्यांनी पुठ्ठा भिंतीला टेकवला आणि सँडलचा पट्टा सोडायला वाकल्या.

अ. देवघरातून आला. पिस्तूल दोन्ही हातांत, रेंजवर शिकवतात तसं. काकूंच्या डोक्याच्या दिशेने. ओरडला इंग्रजीत. काकूंनी मान वर केली. पिस्तुलाचं कुंकू त्याच्या बोटांना लागलं होतं. मला ते आधी दिसलं, बाकीचं मग.

लोक पळाले. स्पीकर तिथेच वाजत राहिला. काकू पळाल्या नाहीत. एक पाय सँडलमध्ये, एक बाहेर, तशाच उभ्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

वकीलबाई. शांत, चटपटीत. अ. ला वाटत होतं, माझं घर, माझी जमीन, विषय संपला. तिने बोट वर केलं. घरात बंदूक ठेवायचा हक्क आहे. लोकांना आवारातून निघा म्हणायचा हक्क आहे. न निघाले तर पोलिस बोलवायचा. पण कुणी लॉनवर उभं आहे एवढ्यावरून बंदूक रोखता येत नाही. जिवाची भीती हवी, आणि ती कुणालाही पटेल अशी.

मग दारावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज लावलं. वरून घेतलेलं. काकूंचे पांढरे केस, पाठ. त्या वाकतात. हात चित्राबाहेर. आवाज फक्त घरघरीचा. माझं "या" त्यांच्याच स्पीकरने गिळलं.

"व्हाय डझ शी बेंड?" वकीलबाईने विचारलं.

अ. लगेच: "मला वाटलं ती काहीतरी उचलतेय. काढतेय."

वकीलबाईने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, दोषी ठरला तर शिक्षा कदाचित किरकोळ होईल. पण बंदुकीचा गुन्हा म्हणजे ग्रीन कार्ड जाऊ शकतं. देश सोडावा लागू शकतो. शांतपणे म्हणाली, पार्किंग कुठे आहे ते सांगावं तशी.

रेवाचं अजून दीड वर्ष कॉलेज आहे. घर. माझी लायब्ररीतली नोकरी.

येताना गाडीत मी म्हटलं, "त्या चपला काढत होत्या."

"मला कसं कळणार?"

"आपल्याकडे दारात येऊन माणूस दुसरं काय करायला वाकतं?"

त्याने रेडिओ लावला. मग सिग्नलला: "जज मराठी नाहीये."

१२ ऑक्टोबर, रविवार

मंडळाचा ग्रुप. निम्मे: "अविनाश, वाघ आहेस." निम्मे: "म्हाताऱ्या बाईवर?" एकाने दोन्ही मेसेजला अंगठा दिलाय. मला एकीचाही फोन नाही. दिवाळीच्या फराळाच्या यादीतून आमचं नाव गेलं, चकल्या आमच्याकडे होत्या.

रेवाचा फोन. "आई, डिड ही पॉइंट इट ॲट हर? येस ऑर नो." मी म्हटलं, वकिलांनी फोनवर बोलू नका सांगितलंय. ती म्हणाली, "सो, येस."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

टपालाच्या पेट्यांपाशी काकू. मुद्दाम आल्या होत्या. त्यांची पेटी इकडे नाही.

"तू मला आत ये म्हणालीस. तेवढंच सांग कोर्टात. जास्त नको."

"तुम्ही भोंगा घेऊन माझ्या दारात आलात."

"तुझा नवरा वर्षभर आमच्या उशाशी भोंगा लावून बसलाय!"

"तो ओरडला तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. गो बॅक म्हणणारा."

काकूंनी पर्सची चेन ओढली. मग म्हणाल्या, "ऐकू नाही आलं मला." आलं होतं. तोंडावर दिसलं.

"अविनाशला घालवायचं नाहीये मला," म्हणाल्या. "त्याने माझ्या डोक्यावर बंदूक धरली. हे झालं, एवढं कुणीतरी म्हणायला हवं. माझा मुलगा म्हणतो, सोड. काका म्हणतात, सोड. मी का सोडू?"

मी पाकिटं घेतली आणि निघाले. मागून: "गाडी मी शिकवली तुला. उपकार म्हणून नाही म्हणत." म्हणूनच म्हणत होत्या.

त्या माझी बाजू नाहीत. हे लिहून ठेवते. त्यांची दया आली की परत वाचायला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. पणत्या लावल्या नाहीत, उगाच दाराकडे लक्ष नको म्हणून. घरघर इथपर्यंत येते का, ते पाहायला मागच्या अंगणात उभी राहिले. येत नाही. अर्थातच. अ. ने घर घेताना नकाशा पाहून घेतलं होतं.

२ नोव्हेंबर, रविवार

तो आरशापुढे सराव करतो. "शी रीच्ड डाउन. आय फिअर्ड फॉर माय वाइफ." आधी अडखळायचा. आता अडखळत नाही. काल मला म्हणाला, "खरंच वाटलं मला तसं. शपथ." कदाचित आता खरंच वाटत असेल. रोज म्हणून म्हणून.

मी विचारलं, "मी दारात होते. गोळी सुटली असती तर?"

"सुटली नाही ना."

"लोडेड होतं?"

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

११ नोव्हेंबर, मंगळवार

वकीलबाई पुन्हा. फक्त मी. सरकारी वकील मला नवऱ्याविरुद्ध बोलवू शकत नाही. आमच्या बाजूने मात्र बोलवता येतं. ती मला एकच प्रश्न विचारणार: त्या वेळी तू घाबरली होतीस का?

"होते," मी म्हटलं.

"पर्फेक्ट. तिथेच थांब."

"कुणाला, ते नाही विचारणार?"

तिने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं असावं. "मी नाही विचारणार," म्हणाली. "पण एकदा तू तिथे बसलीस की समोरचा वकील विचारेल. ती का वाकली, तेही. तुला खोटं बोल असं मी सांगू शकत नाही. नको वाटत असेल तर तुला बोलवतच नाही. पण मग त्याच्या बाजूने फक्त तो."

घरी अ. ने विचारलं, काय ठरलं. मी म्हटलं, जाणार. तो एकदम हलका झाला. भात टाकला त्याने. किती वर्षांनी.

त्याला काय ऐकू आलं ते मला कळलं. मी दुरुस्त केलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कोर्टाचा कॉरिडॉर. आधी काकूंची साक्ष, मग अ. ची. साक्षीदारांना आत बसू देत नाहीत, म्हणून दोघांचंही ऐकलं नाही. मधली सुट्टी झालीय. यानंतर मी.

काकू बाहेर आल्या. माझ्याकडे न पाहता मुलाचा हात धरून पाण्याकडे गेल्या. रडल्या नव्हत्या. चिडलेल्या होत्या. ते बरं वाटलं.

मागोमाग अ. बाहेर आला. साक्षीबद्दल बोलायचं नाही, असं दोघांना बजावलंय. शेजारी बसला. घाम आलेला. माझं कोपर धरलं.

"घाबरू नकोस," म्हणाला.

मग आजूबाजूला पाहून, हळूच: "म्हणजे घाबर. पण आत गेल्यावर."

कोर्टाचा माणूस दारात उभा आहे. हातातला कागद वाचतोय. अ. ने माझं डावं कोपर अजून सोडलेलं नाही, मी उजव्या हाताने लिहितेय.