अक्का, पहिलं पान अजून कोरंच आहे

अक्का,

आणि वर देवळाच्या कमिटीवाले मलाच म्हणतात, "मावशी, यादीत नाव न्हाई त्याला आमी काय करनार?" देवाचं वचन वाटायला यादी! पंचावन्न वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्यापेक्षा रेशनचं दुकान बरं, तिथं कार्ड दाखवलं की गहू तरी पदरात पडतात.

आज गुरुवार. रविवारी देवळात जे झालं ते डोक्यातून जात नाही. भाकरी थापते, डबे भरते, युनिव्हर्सिटीची पोरं जेवून जातात, पण डोकं तिथंच. म्हणून वही फाडून लिहायला बसले. तू जाऊन दोन वर्षं झाली, तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, कारण लिहायचा मला कंटाळा. पण हे तुला सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं राहवणार नाही. तुझ्याच घरातलं आहे, आणि थोडं तुझंही आहे.

शाळा सुरू व्हायच्या आधीचा रविवार होता. म्हणून एसटीनं राहुरीहून नगरला आले, दर वर्षी येते तशी. वाटलं, तू नाहीस पण तुझा रविवार असेल. आपल्या मिशनच्या देवळाच्या फाटकातच फ्लेक्स! नव्वद टक्केवाल्या पोरांचे फोटो, आणि खाली हात जोडून उभा कोण? तुझा लेक, सुधीर. कमिटीचा सेक्रेटरी झालाय ना आता. एमआयडीसीत सुपरवायझर, देवळात सेक्रेटरी. फोटोत दात असे दाखवलेत, जणू पेपर यानंच लिहिले.

आत गेले तर चटया गायब, खुर्च्या मांडलेल्या. पुढच्या दोन रांगांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, "गुणवंत". पुण्याहून एक वक्ता आणला होता, टाय लावलेला. तासभर माईकवर ओरडत होता. म्हणे, देवाच्या लेकरानं दुसऱ्या नंबरावर समाधान मानू नये! मी बाजूच्या बाईला मोठ्यानं विचारलं, "मग ज्याचा दुसरा नंबर आला ते लेकरू कोणाचं, शेजाऱ्याचं?" चार बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि मग छताकडं बघितलं.

आठवतं का गं, तू रविवारच्या शब्बाथशाळेची बाई होतीस तेव्हा काय असायचं? हार नाही, माईक नाही. देवळाच्या अंगणात चटया टाकायच्या. प्रत्येक लेकरानं एक नवी वही आणायची, पहिलं पान कोरं ठेवून. आणि लिहायचं कोणी? आईबापानं! आपण त्या वयात असताना आपलं काय चुकलं, ते एक. उपदेश लिहायचा नाही, मार्कांचं लिहायचं नाही. खाली तू ठरवून दिलेली एकच ओळ सगळ्यांनी लिहायची, "चुकलास तरी घरी ये."

केवढे मोठे मोठे बापे पेन हातात धरून घामाघूम व्हायचे! एकानं लिहिलं होतं, मी परीक्षेत कॉपी केली आणि शेजारच्या पोराला मार बसला. वाचून त्याचं पोरगं बापाच्या तोंडाकडं बघतच राहिलं. मग तू लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचीस. आधी नापास झालेल्यांच्या, मग बाकीच्यांच्या. आणि सांगायचीस, "वर्गात ज्याच्याजवळ कुनी बसत न्हाई, पहिला आठवडा त्याच्याजवळ बसायचं. देवाला तुमचा नंबर नको, तुमचा बाक सांगा."

मी तर अंगठेबहाद्दर. तिसरीतून पळालेली. माझ्या लेकाच्या, विजयच्या वहीवर अंगठा उठवायला गेले तर तू माझा हात धरून ठेवलास. "अंगठा न्हाई चालनार मार्था. चूक तुझी हाय, अक्षर पन तुझंच पायजे." तुझ्या ओसरीवर चार संध्याकाळी गिरवून मी लिहिलं, "मी शाळेतून पळाले." तीन शब्द! त्या तीन शब्दांच्या जोरावर आज हे लिहितेय. अक्षर बघून हसू नको. कुठं चुकलं तर पट्टीनं रेघ मार.

आता त्या पट्टीचंच सांगते.

वक्ता थांबला, सत्कार झाले. मग टेबल मांडून बायबलच्या वचनांची कार्डं वाटायला लागले. छापलेली, सोनेरी काठाची. तुझी नात करुणा, लेकरू, अंगात जुनाच निळा ड्रेस, रांगेत उभी होती. दहावीला गणितात गेली ती. कळलंच असेल तुला, तिकडं कळत असेल तर. तिनं हात पुढं केला. टेबलावरच्या कमिटीच्या बाईनं विचारलं, "नाव?"

अगं, त्या बाईला हिचं नाव माहीत नाही? हिच्या बारशाला घुगऱ्या खाल्ल्यात तिनं!

"करुणा सुधीर."

"यादीत न्हाई गं बाळा. पप्पांना विचार."

पोरगी तशीच उभी, हात पुढं. मागची पोरं तिला वळसा घालून कार्डं घेऊन जायला लागली. मी उठले. म्हणलं, "यादी दाखवा."

"मावशी, कमिटीची हाय ती."

"मग मी काय कलेक्टरची मागतीय का? दाखवा!"

दाखवली. टाईप केलेली यादी. करुणाचं नाव होतं त्यात. त्यावर निळ्या पेनानं रेघ. पट्टी लावून मारलेली, सरळ, एक.

अक्का, आख्ख्या नगरमध्ये अशी रेघ कोण मारतं? चुकलं तर गिरबटायचं नाही, पट्टी लावून एक रेघ मारायची, हे तू सुधीरला छड्या मारून शिकवलंस. चाळीशी उलटली तरी विसरला नाही. वहीतली चूक खोडावी तशी पोटची पोर खोडली त्यानं.  यादी टेबलावर आपटली आणि त्याला शोधत निघाले.

तो चिंचेखाली चहा वाटत होता. मी सरळ गेले. "सुधीर, पट्टी कुठनं आनली रे?"

"कसली पट्टी?"

"पोरीच्या नावावर मारली ती."

"मावशी, हळू बोल ना. लोक ऐकतायत."

"माझा आवाज लोक आज पहिल्यांदा ऐकतायत व्हय?"

मग मला बाजूला घेऊन सांगायला लागला. म्हणे, कार्ड देताना मार्क वाचणार होते, तिलाच लाज वाटली असती. म्हणे, आईचं देवळाच्या मंडळीत नाव आहे, शब्बाथशाळेच्या बाईंची नात नापास, हे कसं दिसतं? म्हणे, मी सगळ्यांना सांगितलंय की परीक्षेच्या वेळी तिला कावीळ झाली होती. आता वर्षभर बायकोच्या माहेरी संगमनेरला ठेवणार, शिवणाचा क्लास लावणार. फेरपरीक्षा नको, परत नापास झाली तर तोंड कुठं दाखवायचं?

कावीळ! ऐकून मला आधी हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. तू निदान टायफॉईड म्हणाली होतीस.

हो, बोलणारच आहे मी. सव्वीस वर्षं गप्प बसले. सुधीर दहावीला दोन विषयांत गेला तेव्हा तू काय केलंस? मंडळीत सांगितलंस, पोराला टायफॉईड झालाय, हवापालटाला पाठवलाय. आणि तो कुठं होता? माझ्या घरात, मागच्या खोलीत. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. शेजारीण विचारायची, "भाचा आजारी हाय म्हनं?" आणि हा आजारी आत बसून माझ्या हातच्या सहा सहा चपात्या हाणायचा! आणि तू, जी दर वर्षी दुसऱ्यांच्या आईबापांकडून चुका लिहून घ्यायचीस, तू पवित्र शास्त्रावर माझा हात ठेवून घेतलास. "मार्था, हे तुझ्यामाझ्यातच मरनार." तू मेलीस अक्का. ते नाही मेलं.

त्या वर्षीच्या रविवारी तू नापास पोरांच्या डोक्यावर हात ठेवलेस ना? आणि तुझं स्वतःचं नापास पोर कुठं होतं? हे विचारायचं मनात होतं, पण तू मोठी, बोर्डिंगात शिकलेली, आणि मी शेळ्यांमागं हिंडलेली. तुझ्यापुढं तोंड उघडायची हिंमत मला नव्हती. जगाला वाटतं मार्था कोणाला भीत नाही. तुला भ्यायचे.

हेही खरं की तू वाईट नव्हतीस. पोराचं हसं होऊ नये म्हणून केलंस. पण त्यानं त्यातून काय शिकून घेतलं ते बघ. नापास झालेलं लेकरू लपवायचं असतं, हेच शिकला.

सगळ्यात वाईट अजून सांगितलेलंच नाही.

त्या दिवशी दुपारी मी सुधीरच्या घरी गेले. करुणा आतल्या खोलीत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. तूच सांगायचीस ना, ज्याच्याजवळ कोणी बसत नाही त्याच्याजवळ बसायचं. तिनं कपाटातून प्लॅस्टिकची फाईल काढली. पहिलीपासूनची सगळी पहिली पानं. फाडून, जपून ठेवलेली. तुझ्या लेकाच्या सुंदर अक्षरातली.

मी वाचली. "मी उशिरा उठायचो." "मी डबा संपवत नव्हतो." "मी वह्यांना कव्हर घालायचो नाही." दर वर्षी हेच! वर पट्टीनं समास आखलेला. खाली, "चुकलीस तरी घरी ये."

ती म्हणाली, "मावशीआजी, पप्पांचं आयुष्यात एवढंच चुकलं. डबा नाय संपवला. मग मीच अशी कशी निघाले गं?"

 दाताखाली जीभ धरून बसले. तुला दिलेली शपथ होती ना. रक्ताचं मीठ लागलं तोंडाला, इतकी चावली. मग तिनं यंदाची वही उघडून दाखवली. पहिलं पान कोरं. म्हणाली, "यंदा त्यांनी लिहिलंच न्हाई. मी तीनदा टेबलावर ठेवली. तीनदा परत माझ्या उशापाशी आणून ठेवली."

अक्का, तुझं ते शपथेचं वचन आणि ही पोर, यातलं एकच मला सांभाळता येईल. पाळकसाहेबांना विचारलं, मेलेल्या माणसाला दिलेली शपथ मोडली तर? ते म्हणाले, "आपण प्रार्थना करू." मी म्हणलं, "ती मी केली, आता तुमी उत्तर द्या." परत छताकडं बघायला लागले.

सोमवार हा फेरपरीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आहे, आणि शाळा बापाची सही मागते. म्हणून मी ठरवलंय. हे पत्र तुझ्या कबरीवर ठेवणार नाही, तिथं वाऱ्यानं उडून जाईल आणि तू काही उठून वाचणार नाहीस. उद्या नगरला येऊन तुझ्यासमोर एकदा मोठ्यानं वाचीन आणि तिथून सरळ सुधीरच्या हातात देईन. त्यात त्याला न माहीत असलेलं काही नाही, म्हणजे शपथही मोडत नाही. तुझ्या वतीनं उत्तर त्यानं द्यायचं.

माझा शब्द घे. करुणाला मी परीक्षेपर्यंत राहुरीला आणीन, पण पुढच्या दारानं, दिवसाउजेडी. शेजारणीनं विचारलं तर सांगीन, नात गणितात गेलीय, अभ्यासाला आलीय. डब्याला येणारी बीडकडची एक पोरगी आहे, गणितात हुशार, ती शिकवायला तयार आहे. पास झाली तर पेढे. परत गेली तरी पानात भाकरी तेवढीच वाढीन आणि परत बसवीन. मागच्या खोलीत मी आता ज्वारीची पोती ठेवलीत. तिथं लपवायला जागा नाही.

आणि सुधीर, आता तू हे वाचतोयस, तर तुलाच सांगते. शनिवारी संध्याकाळची देवळाची घंटा होईपर्यंत मला दोन गोष्टी पाहिजेत. फॉर्मवर तुझी सही, आणि पोरीच्या वहीच्या पहिल्या पानावर, समास न आखता, तुझ्या हातानं लिहिलेलं खरं. नाही तर रविवारी देवळात साक्षीच्या वेळी सगळ्या मंडळीसमोर टायफॉईडचं खरं सांगायला मी उभी राहीन, आणि माझा आवाज कसा आहे ते तुला माहीत आहे. शनिवार. उत्तर दे.

तुझी धाकटी,
तिसरीतून पळालेली,
मार्था