हिरवा स्क्रू, अर्धा फेरा

रविवार, १५ जून २००८
उद्यापासून नवं पर्व. सविताला दिंडोरीच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. बी.एड. होऊन, माझ्याशी लग्न करून अकरा वर्षं घरात होती. घराला गरज होती, मी कधी अडवलं नाही. नोकरी यंदा तात्पुरती. दिवाळीपर्यंत तीन लेट मार्क पडले तर पुढे ठेवणार नाही, असं मुख्याध्यापिका बाईंनी स्वच्छ सांगितलंय. सविता सकाळच्या वणी गाडीने जाते म्हणत होती. घरात फ्युएल इंजेक्शनची मोटरसायकल असताना एस.टी.? रोज मी सोडणार. म्हसरूळ ओलांडलं की नाशिक संपतं, पुढे रस्ता मोकळाच.

शुक्रवार, २० जून
पाचही दिवस वेळेच्या आधी पोचलो. गाडी अगदी व्यवस्थित चालते. मला इथेच शंका येते.
इंटरनेटवर वाचलं. प्रदूषणाच्या नियमांपायी कारखान्यातच इंजिनाला पेट्रोल कमी सोडतात म्हणे. म्हणजे माझी गाडी दोन वर्षं अर्धपोटी आहे आणि बिचारी बोलली नाही. यावर उपाय आहे, कंट्रोलर. पत्त्यांच्या कॅटएवढा डबा. गाडीचा कॉम्प्युटर आणि पेट्रोलचा फवारा मारणारा इंजेक्टर यांच्या मध्ये बसतो आणि आपण सांगू तितकं पेट्रोल वाढवून देतो. बंगलोरहून मागवला.
ऑफिसातला वाल्मीक म्हणाला, चालत्या गाडीला हात कशाला लावतोस. वाल्मीकची गाडी जुन्या पद्धतीची, कार्बोरेटरची. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

रविवार, २९ जून
फिटिंग स्वतः केलं. मेकॅनिकला दिलं असतं तर त्याने शिकायला माझी गाडी वापरली असती. माझा डिप्लोमा सिव्हिलचा आहे, पण इंजिनिअर तो इंजिनिअर.
पार्किंगमध्ये उजेड नाही म्हणून सविताला बॅटरी धरायला उभं केलं. उभीच आहे तर चार गोष्टी शिकू दे, म्हणून सगळं समजावलं. हा कनेक्टर कॉम्प्युटरकडून येतो, हा इंजेक्टरकडे जातो, मूळचे हे दोघं एकमेकांत बसतात, आपण त्यांना सोडवून मध्ये कंट्रोलर घालतो. तीन वेळा समजावलं. तिने न चुकता म्हणून दाखवलं. शिकवण्याची हातोटी लागते ती ही.
सीटखाली बसवलेल्या या डब्यावर तीन स्क्रू आहेत. हिरवा हळू चालण्यासाठी, पिवळा पिकअपसाठी, लाल फुल स्पीडसाठी. प्रत्येकाशेजारी बारीक दिवा. तिन्ही दिवे लागले तेव्हा गहिवरून आलं. मूळचे दोन नट उरले. जास्तीचे दिले असतील.

मंगळवार, १ जुलै
हिरवा स्क्रू पूर्ण उघडला. उपाशी माणसाला पोटभर वाढायचं असतं. काळा धूर आला. वरच्या मजल्यावरून आक्काबाईंनी विचारलं, टायर जाळताय का. म्हसरूळला गाडी बंद पडली. पंचवीस किका. सविताला लेट मार्क.
कारण सापडलंय, पेट्रोल पंपावरचं भेसळीचं पेट्रोल.

रविवार, ६ जुलै
संकल्प: ट्यूनिंग फक्त रविवारी. शाळेच्या दिवशी स्क्रूला हात लावायचा नाही. सविताला शब्द दिला. तिने मान हलवली. स्क्रूड्रायव्हर मात्र खिशात असू द्यावा, अडीअडचणीला लागतो.

गुरुवार, १० जुलै
आज गाडी बरी चालत होती, पण ढकांब्याच्या पुढे मला आवाजात किंचित कोरडेपणा जाणवला. कसलेल्या कानालाच कळेल असा. गाडी बाजूला घेतली. फक्त दोन मिनिटं, म्हटलं. हिरवा अर्धा फेरा मागे, पिवळा पाव फेरा पुढे. मग हिरव्याने पिवळ्याचं बिघडवलं. मग लाल. रिमझिम चालू होती, सविता डबा आणि पर्स पदराखाली धरून रस्त्याच्या कडेला उभी. वणी गाडी आमच्या अंगावर चिखल उडवून गेली.
दुसरा लेट मार्क. शाळेच्या फाटकाशी उतरताना सविता एवढंच म्हणाली, "आता एकच राहिला." ट्यूनिंगचं म्हणत असावी. बरोबर आहे, एकच बारीक करेक्शन राहिलंय.

शुक्रवार, ११ जुलै
काल संध्याकाळी सविता पार्किंगमध्ये गेली होती. गाडी पुसते म्हणाली. बॅटरी घेऊन गेली. हिला अखेर गाडीची आवड लागली. कोणाच्या सहवासाने, ते लिहायला नको.
आज सकाळी गाडी पहिल्या किकला सुरू. ते एक करेक्शन मी रात्रभर मनात केलं होतं, प्रत्यक्ष करायची गरजच पडली नाही.

सोमवार, १४ जुलै
जमलं. लोण्यासारखी चालते. पिकअप तर विचारू नका. धूर नाही, धक्का नाही. शाळा उघडायच्या आधी पोचलो, शिपाई कुलूप काढत होता.
सीटच्या कडेतून डोकावलं, कंट्रोलरचे तिन्ही दिवे बंद. आधी दचकलो. मग लक्षात आलं, दिवे कशाला लागतात? काही कमी-जास्त असेल तर. आता मिश्रण इतकं अचूक झालंय की डब्याला बोलायला काही उरलं नाही. म्हणून सीट उघडायची नाही, असं ठरवलं. देव्हारा सारखा हलवत नाहीत.

रविवार, २७ जुलै
इंटरनेटवरच्या मोटरसायकलवाल्यांच्या मंडळात लेख टाकला, 'नाशिकच्या हवेसाठी माझं सेटिंग'. बारा जणांनी आभार मानले. एकाने आकडे विचारले. मी म्हटलं, आकडे प्रत्येकाने साधनेने मिळवायचे असतात.
वाल्मीकला मागे बसवून गंगापूर रोडला चक्कर मारली. म्हणाला, छान आहे, मे महिन्यात होती तशीच आहे. मत्सर माणसाला कुठे नेतो.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
झेंडावंदनाला वेळेवर. सेटिंग जमलं त्या दिवसापासून एकही लेट मार्क नाही. बाईंनी सविताचं नाव चांगल्या अर्थाने घेतलं म्हणे. सोमवारी शाळेला तपासणी आहे, त्या दिवशी उशीर झाला तर खैर नाही, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, कंट्रोलर आहे तोवर काळजी सोड. सविता म्हणाली, हो, तो जागच्या जागी आहे तोवर नाही काळजी.

शनिवार, १६ ऑगस्ट, राखी पौर्णिमा
दिंडोरीला मेव्हण्याकडे. हिरामणची द्राक्षबाग आहे आणि माझ्यासारखीच गाडी त्याने परवा घेतली. राखी, नारळीभात झाल्यावर मी डेमोचं काढलं. हिरामण, त्याची बायको पूजा, शेजारचे आठ-दहा लोक शेडपाशी जमले. फवारणीच्या पंपाचं उदाहरण देऊन विषय सोपा केला. मग सीट उघडली.
कंट्रोलर होता. त्याचे दोन्ही कनेक्टर मोकळे, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले, वरून सविताचा केसांचा निळा रबर. मूळचे दोघं एकमेकांत बसलेले.
सगळे बघत होते. मी मध्ये पाठ घालून डबा झाकला, हिरवा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, क्षणभर डोळे मिटले आणि सीट लावली. हिरामण माझी गाडी घेऊन बागेला वळसा मारून आला. "दाजी, लय फरक हाय," म्हणाला. "आधी पळायची, आता तरंगती." शेजारच्यांनाही फरक जाणवला. सविता द्राक्षाच्या मांडवाकडे बघत होती.

रविवार, १७ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. कनेक्टर सुटले असूनही गाडी महिनाभर उत्तम चालली, याचा अर्थ काय? याचा अर्थ माझं सेटिंग इंजिनाच्या अंगवळणी पडलं. आता या अंगवळणी पडलेल्या इंजिनाला कंट्रोलर पुन्हा जोडला तर दुप्पट फायदा. उद्या तपासणी, उद्याच करायला हवं. जोडला. सविताला सांगितलं नाही. घरात शांतता महत्त्वाची. निळा रबर तिच्या ड्रेसिंग टेबलवर ठेवून दिला.

सोमवार, १८ ऑगस्ट
अक्राळे फाट्यावर बंद. धूर, वास, सगळं जुनं. मी किका मारत पेट्रोल पंपांबद्दल बोलत होतो. पाऊस भुरभुरत होता. सविता उतरली. पर्स आणि डबा माझ्या हातात दिला, वर छत्री दिली. तपासणीसाठी नेसलेल्या साडीचा पदर कमरेला खोचला, सीट काढली आणि दोन्ही कनेक्टर सोडवून मूळचे जोडले. मी छत्री धरून उभा. म्हटलं, तुला कसं काय एवढं. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही तीन वेळा सांगितलंत. मला पहिल्याच वेळी कळलं होतं."
मग केसांतला रबर काढून मोकळ्या टोकांना बांधला. तोच निळा. पहिल्या किकला सुरू.
पोचलो तेव्हा घंटा वाजत होती. सविता मोकळ्या केसांनी पळत गेली. बाई मस्टरपाशी लाल पेन घेऊन उभ्या होत्या. सविताची सही निळीच झाली, हे मी फाटकातून पाहिलं. छाती धडधडत होती. चढामुळे असेल.

रविवार, २४ ऑगस्ट
सविताने वणी गाडीचा महिन्याचा पास काढला. मी आग्रह केला नाही. गाडीलाही विश्रांती हवी.
कंट्रोलर हिरामणला दिला. मागेच लागला होता, मेव्हण्याला नाही कसं म्हणणार. आज सविताला घेऊन दिंडोरीला गेलो आणि मीच बसवून दिला. शेडमध्ये उजेड कमी म्हणून पूजाला बॅटरी धरायला सांगितली आणि चार गोष्टी समजावल्या. तीन वेळा. तिने न चुकता म्हणून दाखवलं.
तिन्ही दिवे लागले. हिरामण हरखून धूर बघत होता. सविता पूजाच्या कानाशी काहीतरी बोलली. पूजा म्हणाली, आमच्याकडं गाय हाय, पिशवीचं दूध येतच नाय.
सविताने पर्समधून एक काढून दिली. धुऊन, वाळवून, घडी घालून आणली होती. आत रबरही होता.